फिक्स रोप असलेल्या कातळधारेवर जायचं असेल तर

धारेचा फोटो बघितला की लोकांच्या डोळ्यात आधी रोप भरतो. रोप आहे म्हणजे सेफ आहे असं मनात पक्कं होतं आणि मग ज्यांनी आजवर फक्त मळलेल्या पायवाटेने ट्रेक केलेत तेसुद्धा बिनधास्त निघतात. मला हे बघून खरंच काळजी वाटते. एवढ्या उंचावर सामान वाहून नेऊन कोणीतरी बोल्ट मारलेत, साखळी नाहीतर दोर लावलाय, म्हणजे तिथे नुसत्या हातापायांनी जाणं बऱ्याच जणांना जमत नाही, एवढंच तो दोर सांगतोय. त्यामुळे रोप दिसला की आधी सावध व्हायचं.

आणि धार म्हणजे एखादा सुटा रॉकपॅच, म्हणजे हातापायांनी चढायचा कातळाचा तुकडा, नव्हे. सुटा पॅच चढलात की संपला, वर बसून पाणी प्यायचं. धारेवर एकामागून एक पॅच येत राहतात, दोन्ही बाजूंना दरी, वारा थेट अंगावर, सावली नाही, पाणी नाही, आणि एकदा मधे पोचलात की बऱ्याचदा बाजूने खाली सटकायला वाटही नसते, पुढे जा नाहीतर आल्या वाटेने परत फिरा. थकवा साठत जातो आणि नेमका अवघड टप्पा दमल्यावर समोर येतो. म्हणून तयारी करताना सगळ्यात कठीण पॅच जमेल का एवढंच बघून चालत नाही, तोच पॅच चारपाच तास चालून झाल्यावर, पाठीवर सॅक असताना जमेल का ते बघायचं.

आधी दोर कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

सगळ्याला आपण सरसकट फिक्स रोप म्हणतो, पण त्यात निदान तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाशी वागायची पद्धत वेगळी.

पहिला म्हणजे स्टीलची केबल, थोड्या थोड्या अंतरावर बोल्टने कातळात पक्की केलेली. युरोपात व्हिया फेराटा म्हणतात तो हाच प्रकार, डोलोमाइट्समध्ये पहिल्या महायुद्धात सैनिकांनी अशा वाटा बांधल्या होत्या आणि त्यातल्या काही पुढे दुरुस्त करून आजही वापरात आहेत. दुसरा म्हणजे साखळी. पोलंडच्या टाट्रा पर्वतातली ओर्ला पेर्च ही धार साखळ्या आणि लोखंडी शिड्यांसाठी ओळखली जाते, अमेरिकेत झायनमधल्या एंजल्स लँडिंगच्या अरुंद धारेवरही साखळ्याच आहेत. साखळी बहुतेक वेळा हाताने धरायला असते. कडी मोठी असेल तर कॅरॅबिनर (उघडणाऱ्या गेटचा धातूचा हुक) आत जातो, पण तो साखळीवरून पुढे सरकत नाही, कडी कडी बदलावी लागते आणि त्यात वेळ खूप जातो. तिसरा म्हणजे कापडी, नायलॉनचा दोर, वर कुठेतरी बांधून खाली सोडलेला. हा दिसायला सगळ्यात ओळखीचा आणि माझ्या मते सगळ्यात फसवा.

फसवा का तर सांगतो. तुम्ही पॅचच्या पायथ्याशी उभे असता तेव्हा दोराचं फक्त खालचं टोक तुमच्या हातात असतं. तो वर कशाला बांधलाय, ती मेख गंजलीय का, गाठ कोणी आणि कशी मारलीय, मधे कुठल्या धारदार कोपऱ्यावर तो महिनोन् महिने घासतोय, यातलं काहीही खालून दिसत नाही. खाली उभं राहून दोनतीन झटके दिले आणि "पक्का आहे" म्हणून मोकळं झालं, असं लोक सर्रास करतात. त्या झटक्याने फारतर बांधलेलाच नाही असा दोर कळेल. अर्धवट कापलेला दोर दोन झटके सहज सोसतो आणि तुमचं सगळं वजन पडल्यावर जातो.

म्हणून जेवढं दिसतंय तेवढं तरी नीट बघा. दोर हातात घ्या आणि वीतभर वीतभर पुढे सरकवत बोटांनी चाचपा. एखाद्या जागी अचानक मऊ लागला, चपटा झाला किंवा तिथे तो नको इतका सहज दुमडला तर आतला गाभा खराब झालेला असू शकतो. वरचं विणलेलं कव्हर फाटून आतले पांढरे धागे दिसत असतील तर तो दोर संपला, त्यावर चर्चा नको. उन्हाने नायलॉनची ताकद हळूहळू जाते, रंग उडालेला आणि काठीसारखा कडक झालेला दोर म्हणजे बराच काळ उघड्यावर पडलाय असं समजा. भिजलेला दोरही कोरड्यापेक्षा कमकुवत असतो. एकाच जागी चारपाच जुने दोर लोंबत असतील तर सगळे एकत्र मुठीत धरून चढायचा मोह होतो, तसं करू नका, त्यातला एक जरी तुटका असला तरी हात निसटतो आणि पाय आणि कॅरॅबिनर त्या गुंत्यात अडकतात. केबलच्या बाबतीत तुटलेल्या तारांची कुसळं बघायची, ती तळहातात खोल घुसतात. आणि प्रत्येक बोल्ट हाताने हलवून बघायचा, नट फिरतोय का, भोवतीचा दगड फुटलाय का.

हे सगळं बघूनही अनोळखी दोराबद्दल माझं मत एकच आहे, त्याला कठड्यासारखं वापरायचं. वजन पायांवर, पाय कातळावर, दोर हातात फक्त तोल सावरायला. हा दोर आत्ता गायब झाला तर मी इथे उभा राहू शकेन का, हे पावलापावलाला स्वतःला विचारत राहायचं. उत्तर नाही असेल तर तिथे आपला स्वतःचा रोप पाहिजे, वर जाणारा अनुभवी लीडर पाहिजे आणि वरून नीट बिले, म्हणजे पडलात तर थांबवणारा, कोणीतरी धरलेला रोप पाहिजे. त्यातलं काही नसेल तर तो पॅच आज करायचा नाही.

सामान

हेल्मेट, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना घालायचा पट्टा) आणि दोन काऊटेल (हार्नेसपासून दोराला अडकवायचे आखूड दोर), हे कुठल्याही धारेला लागतंच. हेल्मेट पडल्यावर डोकं वाचावं म्हणून तर आहेच पण धारेवर त्याचं रोजचं काम म्हणजे वरच्याच्या पायाखालून सुटलेले दगड, त्यामुळे ते पायथ्यापासूनच डोक्यावर पाहिजे, पहिल्या पॅचला पोचल्यावर सॅकमधून काढायला नको.

काऊटेलबद्दल मात्र थोडं थांबून समजून घ्या, कारण इथली चूक महागात पडते. साध्या टेप स्लिंगला दोन कॅरॅबिनर लावून लोक उभ्या केबलवर चढतात. आता हिशोब करा. केबलचे दोन बोल्ट ४ मीटर अंतरावर आहेत आणि तुम्ही वरच्या बोल्टच्या अगदी खाली पोचलात, तिथून पाय सुटला तर तुमचा कॅरॅबिनर केबलवरून घसरत थेट खालच्या बोल्टपर्यंत जाणार, त्यात काऊटेलची स्वतःची लांबी मिळवली की तुम्ही साधारण ५ मीटर पडलात आणि तो सगळा झटका पकडायला आहे १ मीटरची स्लिंग. पडलेली उंची भागिले झटका पकडणाऱ्या दोराची लांबी याला फॉल फॅक्टर म्हणतात. नेहमीच्या लीड क्लाइंबिंगमध्ये (स्वतःचा दोर खालून वर नेत चढताना) तो जास्तीत जास्त २ पर्यंत जातो, इथे तो ५ झाला. स्लिंग ताणतच नाही, मग एकतर ती तुटते, कॅरॅबिनर तुटतो किंवा तो झटका तुमच्या कमरेला आणि मणक्याला बसतो. म्हणून उभ्या केबलसाठी एनर्जी अॅब्सॉर्बर असलेला व्हिया फेराटा सेटच पाहिजे. त्यातली शिवलेली पट्टी झटक्यासरशी उसवत जाते आणि झटका कमी करते. त्याचं युरोपियन स्टँडर्ड ईएन ९५८ आहे आणि ते सामान सोडून निदान ४० किलो आणि सामानासकट जास्तीत जास्त १२० किलोच्या माणसासाठी धरलेलं आहे. त्याहून हलक्या मुलांना नुसता सेट पुरत नाही, वजन कमी पडल्याने पट्टी पुरेशी उसवत नाही, त्यांना वरून वेगळा बिले द्यायचा. आणि एकदा जोरात पडल्यावर तो सेट बाद, पट्टी थोडीच उसवलीय म्हणून पुन्हा वापरायचा नाही. एवढं सगळं घालूनही केबलवर पडणं वाईटच, कारण खाली बोल्ट, लोखंडी पायऱ्या आणि कातळाचे कोपरे असतात, हाडं मोडतात.

आडव्या ट्रॅव्हर्सला आणि नायलॉनच्या दोराला हिशोब वेगळा. तिथे चांगल्या डायनॅमिक (ताणून झटका सोसणाऱ्या) रोपचे, स्वतःच्या हाताच्या लांबीचे दोन काऊटेल आणि स्क्रू लॉकचे कॅरॅबिनर चालतात. उभ्या नायलॉनच्या दोरावर कॅरॅबिनर नुसता अडकवून उपयोग नाही, तो दोरावरून सरळ खाली येणार, तिथे दोराला पकडणारं काहीतरी पाहिजे, म्हणजे जुमार (दातांनी दोर पकडणारं साधन) किंवा प्रुसिकची गाठ (बारीक कॉर्डने दोराभोवती मारलेली, वजन पडलं की आवळणारी). ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकने १९३१ मध्ये ही गाठ मांडली आणि आजही तिच्यासाठी खिशात एक ६ मिमीचा कॉर्ड ठेवण्याएवढं स्वस्त आणि हलकं दुसरं काही नाही. १० ते ११ मिमीच्या दोरावर ६ मिमीचा कॉर्ड छान पकडतो, दोर त्याहून बारीक असेल तर वेढे वाढवा आणि वजन टाकून बघूनच पुढे सरका. चिखलाने माखलेल्या किंवा बर्फ धरलेल्या दोरावर गाठ घसरते. स्टीलच्या केबलवर तर प्रुसिकचा विचारच करू नका. जुमारचे दात दोराच्या कव्हरमधे रुततात, जोराचा झटका बसला तर ते कव्हर फाडू शकतात, त्यामुळे जुमार कायम छातीच्या वर ठेवायचा आणि मधे ढील पडू द्यायची नाही.

बाकीचं भरभर सांगतो. तळव्याला चामडं असलेले ग्लोव्हज, बोटांची टोकं उघडी असलेले बरे म्हणजे कातळाची पकड कळते. बुटाचा सोल पुढच्या बाजूला कडक पाहिजे, बोटभर कंगोऱ्यावर उभं राहता आलं पाहिजे, लेसची टोकं आत खोचलेली. सॅक लहान आणि अंगाला चिकटलेली, बाहेर बाटली, मॅट, कप असं काही लोंबकळत नको. ट्रेकिंग पोल आत किंवा घट्ट बांधलेले, मनगटात अडकवलेला पोल घेऊन पॅचवर चढणारी माणसं बघितली की माझा जीव वर येतो. निदान ३ लिटर पाणी, हेडलॅम्प, शिट्टी, फॉइल ब्लँकेट, फर्स्ट एड, ऑफलाइन मॅप.

सराव जमिनीवर करा

धारेवर जाऊन शिकू नका. हातांच्या ताकदीची लोकांना फार काळजी असते, पण खरी गरज पायांची आणि तोलाची असते. सॅक घालून पायऱ्या चढा आणि मुख्य म्हणजे उतरा. कमरेएवढ्या दगडांवर चढउतार करा, दोन हात मागे बांधल्यासारखे ठेवून फक्त पायांवर कलत्या कातळावर चाला, तेव्हा कळतं की रबराला किती पकड असते. आणि क्लिपिंगचा सराव करा, एका हाताने, ग्लोव्हज घालून, डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांनी, न बघता. जिन्याच्या कठड्यावर दोर बांधून हे होतं. वर वारा सुटलेला असतो, पाय कापत असतात, तेव्हा बोटांना सवय असलेलंच काम होतं, डोक्याने आठवून केलेलं होत नाही.

बोल्ट ओलांडताना

सगळ्या धारेत हीच एक हालचाल शेकडो वेळा करायची असते, म्हणून ती सावकाश बघू. तुम्ही केबलला दोन्ही कॅरॅबिनर लावून बोल्टपाशी आलात. आधी उभं राहायची जागा शोधा, दोन्ही पाय बसले, एक हात केबलवर किंवा चांगल्या होल्डवर, म्हणजे कातळातल्या पकडीवर. मग दुसऱ्या हाताने एकच कॅरॅबिनर काढा, बोल्टच्या पलीकडे लावा, गेट बंद झाला ना ते बोटाने दाबून बघा, डोळ्यांनी पण बघा. त्यानंतर दुसरा. या सगळ्यात एक क्षणही असा नसतो की दोन्ही कॅरॅबिनर हवेत आहेत. घाईत माणूस एक काढतो, पलीकडे लावायच्या आधीच सवयीने दुसऱ्यालाही हात घालतो, आणि हे नवख्यांपेक्षा सरावलेल्यांचं जास्त होतं कारण त्यांचे हात पुढे पळतात. मोठ्याने बोलत करायचं, "एक लावला, लॉक, दुसरा लावला, लॉक." मागचा माणूस ऐकतो, त्याचंही लक्ष राहतं.

दोन बोल्टच्या मधे एकावेळी एकच माणूस. पुढचा बोल्ट ओलांडून "पुढे गेलो" असं ओरडत नाही तोवर मागच्याने त्या तुकड्यावर क्लिप करायचं नाही. कारण सरळ आहे, वरचा पडला तर त्याचा कॅरॅबिनर घसरत येऊन तुमच्याच डोक्यावर थांबतो, आणि आडव्या दोरावर एकाचं वजन पडलं की दोर ताणला जाऊन दुसरा पायावरून उचलला जातो. नायलॉनच्या उभ्या दोरावर तर वर कोण लटकलंय हे न बघता खालून खेचणं म्हणजे त्याला पाडणंच.

चढताना

चार अवयवांपैकी तीन कायम कातळावर, एकच हलवायचा. हे सगळ्यांना पाठ असतं आणि पहिल्या भीतीच्या ठिकाणी सगळे विसरतात. होल्ड धरायच्या आधी तळहाताने थोपटा, पोकळ आवाज आला तर तो दगड सुटा असू शकतो. होल्ड बाहेर ओढण्यापेक्षा खाली दाबायचा. गुडघा टेकवू नका, गुडघ्यावरून उठताना तोल जातो. पोट कातळाला चिकटवून मिठी मारायची इच्छा होते पण तसं केलं की पाय दिसत नाहीत आणि सोलवरचा दाब कमी होऊन पाय घसरतो, म्हणून अंग थोडं बाहेर ठेवा, टाचा खाली सोडा. हातांनी ओढून चढलात तर दहा मिनिटांत पंजे भरून येतात आणि मग दोर धरायलाही ताकद राहत नाही.

दोर हातात असला तर एक नवीन अडचण येते. मागे झुकून दोर खेचत कातळावर पावलं टाकत वर जायचं लोकांना सोपं वाटतं, केबल पक्की असेल तर काही ठिकाणी ते बरोबरही आहे, पण तेव्हा तुमचं सगळं वजन दोरावर असतं. अनोळखी नायलॉनच्या दोरावर हे करू नका.

ट्रॅव्हर्सवर तोंड कातळाकडे, पाय आडवे सरकवायचे, एकमेकांवरून ओलांडायचे नाहीत. दोर सैल असेल तर पाय सुटल्यावर तुम्ही झोक्यासारखे खाली आणि आत आपटता, त्यामुळे तिथे पाऊल अजूनच जपून. धारेचा अगदी माथा पात्यासारखा असेल तर वर उभं राहून चालायचा अट्टहास सोडा, माथ्याच्या थोडं खालून चाला आणि माथ्याचा कंगोरा होल्ड म्हणून हातात धरा. तेही नसेल तर सरळ दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि हातांवर वजन घेत सरकायचं. दिसायला कसं दिसतं याची पर्वा करू नका.

दगड सुटला की लगेच जोरात ओरडायचं, "दगड!" तो कितीही लहान असला आणि खाली कोणी दिसत नसलं तरी. खालच्यांनी वर बघायचं नाही, कातळाला चिकटून सॅक आणि हेल्मेट पुढे करायचं. घसाऱ्याच्या घळीत सगळे एकमेकांना अगदी चिकटून चालले तर दगडाला वेग घ्यायला जागा मिळत नाही, नाहीतर एकेकाने आडोसा ते आडोसा जायचं.

दृष्टिभय

खाली बघितलं आणि पाय थरथरायला लागले, तोंड कोरडं पडलं, दोर सोडवत नाहीये. हे कुणालाही होतं, चांगल्या क्लाइंबरलाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे आखूड क्लिप करून वजन हार्नेसवर टाकणं, अर्थात अँकर पक्का असेल तिथे. टाच खाली दाबली की पायाचं थरथरणं बरंच थांबतं. नजर हाताच्या अंतरात आणा, समोरच्या दगडाचा रंग, भेग, त्यातलं शेवाळ बघा. श्वास सोडण्याकडे लक्ष द्या, घेण्याकडे नको. मग पुढची फक्त तीन पावलं ठरवा. बरोबरच्यांनी "काही नाही रे, सोपं आहे" म्हणायचं नाही. त्याला सोपं नाहीये. "डावा पाय वीतभर खाली, तिथे खोबणी आहे" असं सांगा, ते कामाचं असतं. आणि त्याला परत जायचं असेल तर त्याला एकट्याला पाठवायचं नाही, कोणीतरी अनुभवी माणूस बरोबर जाणार हे सुरुवातीलाच ठरलेलं पाहिजे.

उतरणं

आल्प्समधल्या मॅटरहॉर्नवर पहिली यशस्वी चढाई १४ जुलै १८६५ ला झाली, सातजण माथ्यावर पोचले आणि उतरताना एकाचा पाय सुटून चौघे गेले, मधला दोर तुटला म्हणून उरलेले तिघे वाचले. तो तुटलेला दोर होता बरोबरच्या दोरांपैकी जुना आणि बारीक, त्याचा तुकडा आजही झरमॅटच्या संग्रहालयात आहे. आता त्याच हॉर्नली धारेवर वरच्या टप्प्यात जाड फिक्स रोप आहेत, तरीही उतरायला बहुतेकांना चढण्याएवढाच वेळ लागतो. कारण उतरताना होल्ड पायाखाली असतात, दिसत नाहीत, गुडघे दमलेले असतात आणि माथा झाल्यामुळे मन सैलावतं.

त्यामुळे चढतानाच प्रत्येक पॅचच्या वर पोचल्यावर मागे वळून बघा, इथून मी कसा उतरणार. होल्ड लक्षात ठेवा, फोटो काढा, परतीला तीच जागा ओळखू येत नाही. आल्या वाटेनेच परतायचं असेल तर जो पॅच उतरता येणार नाही तो चढायचा नाही. उभा पॅच तोंड कातळाकडे करून उतरायचा, कलता कातळ तोंड बाहेर करून, बसका पण पार्श्वभाग न टेकवता.

दोर हातात धरून सरसर खाली घसरत यायचं नाही. तळहात भाजतात, भाजले की हात आपोआप सुटतो. जिथे पाय लागत नाहीत तिथे रॅपलिंग, म्हणजे दोरावरून ब्रेक लावत उतरणं, आपल्या डिसेंडरने (तो ब्रेक लावणारं साधन), खाली प्रुसिकचा बॅकअप लावून, दोराच्या टोकाला जाड गाठ मारून. दोर जमिनीपर्यंत पोचतोय का ते आधी बघा. फिक्स रोप मधेमधे बोल्टला बांधलेला असेल तर प्रत्येक बोल्टपाशी डिसेंडर काढून पुढे लावावा लागतो, त्याआधी काऊटेल लावलेला पाहिजे, आणि खालून कोणी त्याच दोरावर वजन टाकलं असेल तर तुम्हाला डिसेंडर लावताच येत नाही. नायलॉनवर नायलॉन एकाच जागी घासू देऊ नका, ते साधारण २२० अंश सेल्सिअसला वितळायला लागतं आणि डायनिमाची (दुसऱ्या एका कृत्रिम धाग्याची) स्लिंग तर १४५ च्या आसपासच, सरकत्या दोराच्या घर्षणाने एवढी उष्णता सहज तयार होते.

हवा आणि वेळ

पहाटे निघा, दुपारनंतर ढग जमायच्या आत धार संपलेली पाहिजे. मागे फिरायची वेळ घरून ठरवून निघा आणि ती वेळ झाली की माथा पन्नास मीटरवर असला तरी फिरा. ओल्या कातळावर, विशेषतः शेवाळ असेल तर, सगळ्या ग्रेडचा, म्हणजे अवघडपणाच्या श्रेणींचा, अर्थ बदलतो, कालची सोपी धार आज वेगळीच असते. जोराच्या वाऱ्यात उभं राहता येत नसेल तर क्लिप केलेलं असूनही जाऊ नका.

विजेचं मात्र कडक आहे. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, ३ सेकंदाला साधारण १ किलोमीटर. ३० सेकंदाच्या आत आवाज आला तर वीज धोक्याच्या टप्प्यात आहे, पण धारेवर तेवढी वाट बघू नका, लांब गडगडलं तरी उतरायला लागा, कारण तुम्हाला केबलवरून बाहेर पडायलाच अर्धा तास लागणार आहे. अडकलातच तर माथा सोडा, केबल आणि साखळीपासून लांब व्हा, एकमेकांत अंतर ठेवा, सॅकवर पाय जुळवून उकिडवे बसा, कपारीच्या तोंडाशी नको. पडायचा धोका असेल तर केबलऐवजी एखाद्या दगडाला स्लिंग घालून वेगळा सेल्फ अँकर घ्या. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

गर्दी हाही हवामानासारखाच धोका आहे. दोराखाली तासभर रांगेत उभं राहिलं की अंग गार पडतं, वेळापत्रक कोसळतं. एंजल्स लँडिंगला याच कारणाने १ एप्रिल २०२२ पासून परमिट लागतं, ओर्ला पेर्चचा झाव्राट ते कोझी व्हिएर्ख हा भाग एकदिशाच आहे. जाणार असाल तिथे परवानगी, दिशा आणि दोर कुठल्या महिन्यात लावलेले असतात हे सगळं आधी बघून घ्या. अमेरिकेतल्या योसेमिटीच्या हाफ डोमवरच्या केबल हिवाळ्यात खाली पाडून ठेवतात, खांब आणि फळ्या काढून टाकतात.

काही झालंच तर

हार्नेसमध्ये निपचित लटकलेला माणूस थोड्या वेळातही गंभीर होऊ शकतो, पायातलं रक्त वर येत नाही, त्यामुळे त्याला लवकरात लवकर दोरावरून काढणं हे पहिलं काम. तुम्हीच लटकलात आणि शुद्धीवर असाल तर स्लिंगचा लूप करून त्यात पाय घाला, उभं राहत राहा, पाय हलवत राहा. मदतीची खूण म्हणजे मिनिटाला ६ वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबायचं, मग परत ६. समोरून मिनिटाला ३ वेळा उत्तर आलं म्हणजे कळलंय, तरी ते पोचेपर्यंत चालू ठेवा म्हणजे जागा सापडते. हेलिकॉप्टर आलं तर दोन्ही हात वर तिरपे केले म्हणजे मदत हवी, एक वर एक खाली म्हणजे नको. फोटोसाठी सहज हात वर करून नाचू नका.

खाली आल्यावर ज्याला परतीची वेळ सांगून गेला होतात त्याला आधी कळवा. मग काऊटेल, स्लिंग, प्रुसिक कॉर्ड उजेडात धरून तपासा, साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. आणि वर एखादा हलणारा बोल्ट किंवा कापलेला दोर दिसला असेल तर त्याचा फोटो आणि नेमकी जागा, ती वाट सांभाळणाऱ्यांना त्याच दिवशी पाठवा, उद्या सकाळी तिथे दुसरे कोणीतरी क्लिप करणार आहेत.